स्तनाच्या कर्करोगानंतर व्यायामाची सुरुवात कशी करावी आणि तो टिकवावा कसा

माझे शेवटचे रेडिएशन झाले त्या दिवशी माझ्याजवळ एक जाड फाइल होती आणि दोन सूचना होत्या. भरपूर विश्रांती घ्या, ही एक. हालचाल चालू ठेवा, ही दुसरी. दोन्ही सूचना योग्यच होत्या, परंतु त्यांचा मेळ कसा घालायचा हे मला कोणी समजावून सांगितले नाही आणि विचारायचे मलाही सुचले नाही. त्यामुळे मी त्यांतली सोपी सूचना पाळली. ऑपरेशन झालेला डावा हात अंगाशी धरून ठेवला, पिशवी उजव्या हाताने उचलली, दार उजव्या हाताने ओढले, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याचे कौतुकच केले. दोन-अडीच महिन्यांनी वरच्या फळीवरचा एक डबा काढायला गेले तेव्हा, रेडिएशनच्या टेबलावर रोज डोक्यामागे जाणारा तोच हात कानापर्यंत पोहोचण्याआधीच अडला. काखेत काहीतरी ताणले गेले आणि बोटे फळीच्या कडेला नुसती टेकून राहिली.

हात जपणे म्हणजे हात न वापरणे, असा अर्थ मी लावला होता, आणि ती चूक निस्तरायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. मोजून, हळूहळू आणि सातत्याने वाढवत नेलेली हालचाल हेच या शरीराला जपणे आहे, हे मला त्या वर्षात कळले. ती कोणत्या क्रमाने करायची ते इथे लिहीत आहे. मी स्त्री म्हणून लिहीत असले, तरी हा आजार पुरुषांनाही होतो आणि पायऱ्या त्यांच्यासाठीही ह्याच आहेत. हे लिखाण डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचे हे तुम्हाला आधीच ठाऊक असावे, यासाठी ते आहे.

१. आधी कागद एकत्र करा

व्यायाम शिकवणाऱ्या व्यक्तीला तुमच्या उपचारांचा इतिहास माहीत नसतो, आणि तोंडी सांगताना आपल्याकडूनही निम्मा राहून जातो. काखेतल्या किती लसिका गाठी (लिम्फ नोड, म्हणजे शरीरातला द्रव गाळणाऱ्या लहान ग्रंथी) काढल्या, असे मला पहिल्या भेटीत विचारले तेव्हा मी "थोड्या" असे उत्तर दिले होते. अहवाल उघडून पाहिला तर आकडा १४ होता. त्या एका आकड्यामुळे माझ्या हाताच्या व्यायामाची सगळी आखणी बदलली. म्हणून पुढील कागदांच्या प्रती एका वेगळ्या, पातळ फाइलमध्ये लावून ठेवा.

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा अहवाल. कोणती बाजू, पूर्ण स्तन काढला की गाठीपुरता भाग, काखेतल्या किती लसिका गाठी काढल्या, आणि स्तनाची पुनर्रचना केली असल्यास त्यासाठी पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरला का, हे त्यात असते.
- केमोथेरपीच्या औषधांची नावे आणि शेवटच्या डोसची तारीख.
- रेडिएशन कोणत्या भागाला दिले, याची नोंद.
- हृदयाचा शेवटचा इको.
- उपचार अजून चालू असतील तर रक्ताचा ताजा अहवाल, विशेषतः हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट.
- हाडांच्या घनतेची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल.
- सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी. गुडघेदुखी, कंबरदुखी, रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्याही तिच्यात लिहा, कारण व्यायामाच्या दृष्टीने जुने दुखणे नव्या आजाराइतकेच महत्त्वाचे असते.

साधने फारशी लागत नाहीत. पायात नीट बसणारे बूट, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, एक वही, पाठ टेकता येईल अशी न हलणारी खुर्ची, एक हलकी काठी आणि पाण्याच्या दोन लहान बाटल्या एवढ्यावर पहिले तीन महिने निघतात. स्तन काढलेला असेल आणि तुम्ही कृत्रिम स्तन वापरत असाल, तर चालताना घामाने आणि वजनाने त्याचा त्रास होतो. व्यायामापुरता हलका, कापडी किंवा फोमचा वापरावा. ही बाब सांगायला अनेकींना संकोच वाटतो आणि केवळ तेवढ्यामुळे त्या घराबाहेर पडत नाहीत, म्हणून मी ती इथे मुद्दाम लिहीत आहे.

२. प्रश्न नेमके विचारा

"मी व्यायाम केला तर चालेल का?" या प्रश्नाला "हो, झेपेल तेवढा करा" असेच उत्तर मिळणार, आणि झेपेल तेवढा म्हणजे किती, हे घरी आल्यावर कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी असे विचारा: माझा हात खांद्याच्या वर नेण्यास कोणत्या तारखेपासून हरकत नाही? किती वजन उचलणे सध्या टाळायचे आणि ती मर्यादा कधी उठेल? माझ्या औषधांमुळे हृदयावर, हाडांवर किंवा पायांतल्या संवेदनेवर परिणाम होण्याची शक्यता आहे का? हाताला सूज येण्याचा माझा धोका किती आहे? आणि कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम केलेल्या फिजिओथेरपिस्टकडे मला पाठवता येईल का? शेवटचा प्रश्न टाळू नका. स्वतःहून मागितल्याशिवाय ती चिठ्ठी मिळतेच असे नाही. मला ती सात महिन्यांनी, मी विचारल्यावर मिळाली.

उत्तरे तिथेच वहीत उतरवा आणि तारखा मागा. पुनर्रचना झालेल्यांसाठी हे अधिकच गरजेचे आहे, कारण पोटाचा भाग वापरला असेल तर पोटाच्या व्यायामावर आणि उचलण्यावर निराळी बंधने असतात, आणि ती फक्त तुमचे सर्जन सांगू शकतात.

३. खांदा आणि हात: पहिले आठवडे

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे-सरळ करणे, खांदे वर उचलून खाली सोडणे आणि दीर्घ श्वास घेणे एवढी हालचाल बहुतेकींना सांगितली जाते. जखमेतला द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीपर्यंतच न्यावा, अशी सूचना सर्वसाधारणपणे असते. त्यानंतर हळूहळू वरची हालचाल सुरू होते. ही सुरुवात लवकर केल्यास जखमेला अपाय होईल, ही भीती मलाही होती. ब्रिटनमध्ये खांद्याच्या त्रासाचा धोका अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑपरेशननंतर ७ ते १० दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्या गटाच्या हाताची कार्यक्षमता वर्षाअखेर अधिक चांगली आढळली. मात्र त्यात देखरेख होती, हे विसरू नका.

मला सर्वांत उपयोगी पडलेला व्यायाम भिंतीचा आहे. भिंतीकडे तोंड करून, साधारण वीतभर अंतरावर उभे राहायचे. ऑपरेशनच्या बाजूची तर्जनी आणि मधले बोट भिंतीवर टेकवून, कोळी चढावा तशी ती दोन बोटे एकामागून एक वर सरकवायची. ताण जाणवतो तिथे थांबायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि त्याच वाटेने बोटे खाली आणायची. हात धपकन सोडायचा नाही. आठवड्यातून एकदा, मधले बोट जिथे पोहोचले तिथे मी पेन्सिलीने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहीत असे. पहिल्या दोन रेघांत जेमतेम नखाएवढे अंतर होते. पाचव्या आठवड्यात रेघ खाली आली आणि मी निराश झाले. तपासून पाहिले तेव्हा लक्षात आले की आधीच्या खेपा टाचा उचलून झाल्या होत्या. म्हणून टाचा जमिनीला, आणि खांदा कानाकडे न उचलता खाली सैल. ह्या दोन गोष्टी चुकल्या तर वाढ दिसते पण झालेली नसते.

काठीचा व्यायामही सोपा आहे. पाठीवर झोपून काठी दोन्ही हातांत धरायची आणि चांगल्या हाताने दुसऱ्याला आधार देत ती डोक्यामागे न्यायची. दाराच्या चौकटीला हात टेकवून छातीचा पुढचा भाग ताणणे थोड्या उशिराने, टाके पूर्ण भरल्यानंतर करावे. पुढे झुकून, छाती आत घेऊन चालण्याची सवय आपल्याला नकळत लागते आणि ती मोडायला या ताणाची मदत होते.

काही जणींना काखेपासून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ दोरी जाणवू लागते. काखेतल्या गाठी काढल्यानंतर असे होऊ शकते. ती तुटेल किंवा हात निकामी होईल असे समजून हात बंद करून ठेवू नका, आणि स्वतः जोर लावून ती तोडण्याचा प्रयत्नही करू नका. फिजिओथेरपिस्टला दाखवा, हळुवार ताण आणि मसाज यांनी ती बहुतेक वेळा सुटते.

रेडिएशन संपल्यावर खांद्याचे व्यायाम सोडून देणे हा सापळा आहे. त्या भागातील ऊती नंतरही महिनोन्महिने आखडत जातात. माझा डबा फळीवर अडला तो याच काळात. निदान वर्षभर तरी रोज पाच मिनिटे खांद्याला द्या.

४. चालणे

चालण्यासाठी कोणाकडून काही शिकावे लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा. पहिल्या आठवड्यात किती चालता ते फक्त मोजा, वाढवू नका. मोबाइलमध्ये पावले मोजली जातात किंवा लहानसा पेडोमीटर मिळतो. आठ दिवसांची सरासरी निघाली की दर आठवड्याला त्यात थोडी भर घाला. रोज ५ मिनिटे चालत असाल तर पुढच्या आठवड्यात ६ किंवा ७.

कुठपर्यंत जायचे, याचे आकडे आता उपलब्ध आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम निदान ८ ते १२ आठवडे केल्यास थकवा, चिंता आणि उदासीनता यांत फरक पडतो. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा आकडा आहे, आणि त्या सूचना कर्करोगातून बाहेर आलेल्यांनाही लागू आहेत. तुम्ही १५० वाचून घाबरू नका. १० मिनिटांपेक्षा कमी चाललेले मोजायचे नाही, हा जुना नियम त्याच सूचनांत काढून टाकलेला आहे. तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्याही मोजल्या जातात, आणि माझी सुरुवात खरोखरच घरातल्या तीन मिनिटांच्या फेऱ्यांनी झाली.

मध्यम गती ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना शेजारच्या व्यक्तीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. उपचार चालू असताना नाडीचा वेग औषधांमुळे आणि रक्ताच्या कमतरतेमुळे बदलतो, त्यामुळे घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे.

चालल्याने आजार परत येत नाही, असे कोणी ठामपणे सांगू लागले तर थोडे थांबा. अमेरिकेतील २,९८७ परिचारिकांच्या दीर्घकालीन निरीक्षणात, आजारानंतर आठवड्याला ३ ते ५ तास चालण्याइतकी हालचाल असलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ते निरीक्षण आहे. ज्यांची प्रकृती मुळात बरी त्या अधिक चालल्या, हेही शक्य आहे. त्यामुळे आशा ठेवा, पण आजार परतलाच तर आपण कमी चाललो म्हणून तो परतला, असा दोष स्वतःला कधीही लावून घेऊ नका. थकवा, झोप, मनःस्थिती आणि अंगातली ताकद यांवरचा व्यायामाचा परिणाम मात्र वारंवार पडताळून पाहिलेला आहे, आणि माझ्यासाठी तेवढे कारण पुरेसे होते.

५. थकवा समजून घ्या

हा थकवा कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. आठ तास झोपून उठले तरी मला अंगावर ओले घोंगडे पांघरल्यासारखे वाटायचे. अशा स्थितीत चालायला जा असे सांगणारी व्यक्ती निर्दय वाटते, हे मला माहीत आहे. तरीही अति विश्रांतीने स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंना साधे कामही जड होते, आणि त्यातून थकवा वाढतो. हे चक्र फक्त हालचालीनेच मोडते.

माझा नियम असा होता: फार थकवा असेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेला बूट घालायचे आणि पाच मिनिटे चालायचे. पाच मिनिटांनंतर बरे वाटले तर पुढे जायचे, नाही वाटले तर परत फिरायचे आणि वहीत "५" असे लिहायचे. त्या पाचाला मी पूर्ण गुण देत असे. उलट बाजूचा सापळाही तितकाच मोठा आहे. ज्या दिवशी एकदम बरे वाटते त्या दिवशी आपण राहिलेली सगळी कामे उपसतो, तासभर चालतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त करायचे नाही, हे शिकणे मला वाईट दिवशी उठण्यापेक्षा अवघड गेले.

थकवा अचानक वाढला, किंवा जिना चढताना पूर्वी लागत नव्हता तसा दम लागू लागला, तर तो नेहमीचाच समजून सोडून देऊ नका. रक्त कमी असणे, थायरॉइडचे कार्य मंदावणे किंवा हृदयावर परिणाम होणे ही कारणे तपासून घ्यावी लागतात.

६. वजन उचलणे आणि हाताची सूज

सर्वांत जास्त भीती आणि सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. काखेतल्या लसिका गाठी काढल्या किंवा त्यांना रेडिएशन दिले की हातातून परत जाणाऱ्या द्रवाचा मार्ग अरुंद होतो, आणि काहींच्या हाताला सूज येते. हिला लसिकासूज किंवा लिम्फेडिमा म्हणतात. त्या भीतीने कित्येक वर्षे स्त्रियांना सांगितले गेले की त्या हाताने आयुष्यभर जड काही उचलू नका.

हा समज प्रथम मोडला तो पाण्यावर. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेंझी यांनी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट या लांबट नावेत वल्ही मारायला बसवले. खांद्याला आणि दंडाला याहून अधिक काम देणारा व्यायाम शोधणे कठीण. हात सुजले नाहीत, आणि ज्यांना सूज होती त्यांची वाढली नाही. पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी काटेकोर चाचण्या केल्या. सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याच्या घटना कमी झाल्या. सूज नसलेल्या पण धोका असलेल्या १५४ स्त्रियांवरील २०१० च्या निष्कर्षांत, वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटातील ११ टक्के, तर न करणाऱ्या गटातील १७ टक्के स्त्रियांना सूज आली. पाच किंवा अधिक गाठी काढलेल्यांमध्ये हाच फरक ७ आणि २२ टक्के असा होता. माझ्या १४ गाठींच्या संदर्भात हे आकडे मी पुन्हापुन्हा वाचले.

परंतु या चाचण्यांतल्या "हळूहळू" या शब्दात सगळे आहे. त्या स्त्रियांनी पहिले १३ आठवडे प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली व्यायाम केला, अगदी कमी वजनाने सुरुवात केली आणि लहानात लहान टप्प्यांनी ते वाढवले. त्यावरून मी पाळलेला क्रम असा होता. पहिले दोन आठवडे रिकाम्या हाताने, फक्त हालचाल बरोबर होते का ते पाहायचे. मग अर्धी भरलेली लहान बाटली, आणि तिच्याने १० वेळा हालचाल सहज झाली की दोन फेऱ्या. सलग दोन आठवडे हातात जडपणा किंवा ताण जाणवला नाही, तरच पुढचा टप्पा. दंड, खांदा, पाठ आणि छाती यांच्या बरोबरीने मांड्यांचा व्यायामही करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा त्यासाठी उत्तम. दोन दिवसांच्या मध्ये निदान एक दिवस विश्रांतीचा ठेवा.

महिन्यातून एकदा, दिवसाच्या एकाच वेळी, दोन्ही हातांचा घेर मोजा. मनगट, कोपराच्या खाली १० सेंटिमीटर आणि वर १० सेंटिमीटर अशा ठरलेल्या जागा घ्या. दोन्ही हातांत थोडा फरक मुळातच असतो, म्हणून पहिले माप शक्यतो व्यायाम सुरू करण्याआधीचे असावे. त्या मूळ फरकात २ सेंटिमीटर किंवा अधिक वाढ झाली, किंवा माप बदललेले नसले तरी अंगठी, घड्याळाचा पट्टा, बाही यांचा वळ उमटू लागला, तर वजनाचा व्यायाम थांबवून दाखवून घ्या; चालणे थांबवण्याची गरज नसते. सूज आधीपासून असेल तर व्यायामाच्या वेळी मापाने करून घेतलेला कॉम्प्रेशन स्लीव्ह (हाताला दाब देणारी घट्ट बाही) घाला. सैल किंवा अर्धवट वळलेला स्लीव्ह एका जागी करकचतो आणि अपायच करतो. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर तो संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

७. औषधांनुसार बदल

पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोथेरपीच्या औषधांनी तळपाय बधिर होऊ शकतात. तसे असेल तर अंधारात, ओल्या फरशीवर किंवा खडबडीत वाटेवर चालू नका, बूट घालण्याआधी आत हात घालून पाहा, आणि एका पायावर उभे राहण्याचा सराव खुर्चीला धरून करा. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे घेतली असतील तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी इकोविषयी विचारा. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली असतील तेव्हा गर्दीची व्यायामशाळा टाळा. रेडिएशन चालू असताना आणि त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत तरण तलावात उतरू नका.

लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन या हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्यांनी सकाळी बोटे आणि गुडघे धरतात, आणि त्यामुळे अनेकजणी आधी व्यायाम आणि मग गोळ्याही सोडतात. तसे करू नका. असा त्रास असलेल्या १२१ स्त्रियांवरील २०१५ च्या अभ्यासात, आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजने यांनी वर्षभरात सर्वांत तीव्र वेदनेचे गुणांकन २९ टक्क्यांनी उतरले. पहिली दहा मिनिटे दुखते, नंतर सांधे मोकळे होतात. मी सकाळी कोमट पाण्याने अंघोळ करून मगच चालायला निघते. याच गोळ्यांनी हाडेही विरळ होतात, त्यामुळे ताकदीचा व्यायाम यांच्याबरोबर विशेष गरजेचा आहे. आजार हाडांत पसरलेला असेल तर मात्र उड्या, कमरेतून जोराने वळणे आणि जड वजने वर्ज्य समजा, आणि सगळा व्यायाम तज्ज्ञांकडून आखून घ्या.

८. लगेच थांबायचे कधी

छातीत दुखणे, चक्कर, अनियमित धडधड, विश्रांतीतही न थांबणारी धाप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, जखमेतून स्राव, ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, रात्रीही न थांबणारे हाडाचे नवे दुखणे: यांपैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. छातीतले दुखणे, धाप आणि पोटरीची सूज यांना उद्यापर्यंत थांबवू नका. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी पोटरीकडे जास्त लक्ष द्यावे, कारण त्या गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो.

९. टिकवणे

सुरू केलेल्या बऱ्याच जणी चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबतात. मीही थांबले होते. त्या वेळी तपासण्यांच्या भेटी विरळ होतात, कोणी विचारेनासे होते, आणि व्यायाम हा उपचाराचा भाग वाटेनासा होतो. मला पुन्हा उभे केले ते तीन गोष्टींनी.

पहिली म्हणजे वही. कॅनडात ३७७ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या सल्ल्यापेक्षा पुस्तिका आणि पावले मोजण्याचे साधन मिळालेल्या स्त्रियांचा व्यायाम अधिक वाढला. माझ्या वहीत एका ओळीत तीनच नोंदी असतात: मिनिटे, थकवा शून्य ते दहांपैकी किती, आणि हात कसा वाटला. चार महिन्यांपूर्वीचे पान उघडले की आपण कुठून आलो ते दिसते, आणि रोज स्वतःकडे पाहताना ते कधीच दिसत नाही.

दुसरी म्हणजे सोबत. माझ्याबरोबर उपचार घेतलेली एक बाई आणि मी आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळी भेटतो. आमच्या बोलण्यात आजार असतोच असे नाही. ती न आली तर मी फोन करते आणि कारण विचारत नाही, फक्त पुढची वेळ ठरवते. तिसरी म्हणजे वेळ आधीच बांधून टाकणे. "जमेल तेव्हा" असे म्हटले की ते जमत नाही. सकाळच्या गोळीनंतर अर्ध्या तासाने, असे म्हटले की शरीर आपोआप उठते. तपासणीच्या आधीचे दिवस वाईट जातात, पुन्हा काही निघेल या धास्तीने काहीच सुचत नाही. त्या आठवड्यासाठी मी चालणे वाढवत नाही, पण सोडतही नाही.

१०. घरच्या माणसांसाठी

तुमच्या मायेने तिला बसवून ठेवू नका. तिच्या हातातली प्रत्येक पिशवी काढून घेतली, प्रत्येक पेला हातात आणून दिला, तर तिचा हात आणि तिचा स्वतःवरचा विश्वास दोन्ही कमी होतात. माझ्या मुलीने एके दिवशी पिशवीतले अर्धे सामान स्वतः घेतले आणि अर्धे माझ्या डाव्या हातात राहू दिले. काही न बोलता केलेली ती वाटणी मला अजून आठवते. त्याच्या उलट, "आज चाललीस का?" हा प्रश्न रोज विचारू नका, त्यापेक्षा बूट घालून दारात उभे राहा आणि मी निघतो आहे, येतेस का, एवढे विचारा. ती नाही म्हणाली तर तुम्ही चालून या.

११. खंड पडल्यावर

खंड पडणारच. सर्दी, घरातले आजारपण, प्रवास, नवे औषध, मन उतरणे, कारण काहीही असो. एका आठवड्यापेक्षा कमी खंड असेल तर जिथे सोडले तिथून सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर चालण्याची मिनिटे निम्म्यावर आणि वजन दोन टप्पे खाली आणा. महिन्याहून अधिक गेला असेल तर वजनांची सुरुवात पुन्हा रिकाम्या हाताने करा, हातांचा घेर मोजा, आणि भिंतीवर बोटे चढवून नवी रेघ मारा. ती जुन्या रेघेच्या खाली आली तरी जुनी पुसू नका, तिच्याही शेजारी तारीख लिहा.